२०१३ ची सायन एफआर-एस: व्हॉल्व्ह स्प्रिंगचा रिकॉल झालेली घ्यावी की न झालेली?

शनिवारचा_ड्रायव्हर (एडिसन, न्यू जर्सी)

नमस्कार मंडळी. २०१३ ची सायन एफआर-एस (टोयोटाच्या सायन ब्रँडची छोटी स्पोर्ट्स कार) बघतोय. सहा गिअरची मॅन्युअल, ७८,००० मैल, जुन्या गाड्या विकणाऱ्या डीलरकडे उभी आहे. त्याचं म्हणणं, व्हॉल्व्ह स्प्रिंगचा रिकॉल (इंजिनातले व्हॉल्व्ह मिटवणाऱ्या सदोष स्प्रिंग कंपनीने फुकट बदलून देणं) केव्हाच झालाय, डोळे झाकून घ्या. एनएचटीएसए या अमेरिकी सरकारच्या वाहन-सुरक्षा संस्थेच्या साइटवर व्हिन नंबर (गाडीचा ओळख क्रमांक) टाकला तर बाकी रिकॉल शून्य दिसतात.

पण मालकांच्या तक्रारी वाचायला घेतल्या तर भलतंच चित्र. रिकॉलला दिली तेव्हा इंजिन ठणठणीत, परत आल्यावर थोड्याच मैलांत कनेक्टिंग रॉडचं (पिस्टनच्या दांड्याचं) बेअरिंग गेलं, इंजिन बाद. अशा तक्रारी एक-दोन नाहीत.

मग रिकॉल झालेली गाडी जास्त धोक्याची की न झालेली? घेण्याआधी नेमकं काय तपासायचं? २०१५-१६ ची घ्यावी तर मनासारखी मिळत नाही, आणि तिची नवी पिढी, जीआर८६, बजेटबाहेर आहे.

---

बॉक्सर_बाळू

आधी त्या शून्याचा अर्थ समजून घ्या. ती साइट फक्त न झालेले रिकॉल दाखवते. शून्य म्हणजे एकतर काम झालंय, नाहीतर त्या व्हिनला तो रिकॉल लागूच नव्हता. या दोन्हींतला फरक तिथे कळत नाही, आणि काम कोणी, कधी, किती मैलांवर केलं हे तर नाहीच नाही.

ते कळायला सतरा अक्षरी व्हिन घेऊन कुठल्याही टोयोटा डीलरच्या सर्व्हिस काउंटरवर जा. सायन हा ब्रँड २०१६ मध्येच बंद झाला, त्याचे रिकॉल टोयोटाचे डीलर करतात. त्यांच्या संगणकावर रिकॉलची तारीख आणि मीटरचं रीडिंग दिसतं. विकणाऱ्याकडे मूळ बिल असेल तर उत्तमच. त्यावर सोळा स्प्रिंग, सीलंट, कूलंट, ऑइल, फिल्टर एवढ्या वस्तू दिसल्या पाहिजेत. नुसतं 'रिकॉल पूर्ण' एवढीच ओळ असेल तर तपशिलाची प्रत मागा.

पार्श्वभूमी थोडक्यात. नोव्हेंबर २०१८ मध्ये सुबारू आणि टोयोटाने हा रिकॉल जाहीर केला. अमेरिकेत सुमारे २५,००० एफआर-एस, आणि सुबारूच्या बाजूने बीआरझेड (एफआर-एसचीच सुबारूच्या नावाची जुळी), इम्प्रेझा वगैरे धरून जगभरात चार लाखांच्या आसपास गाड्या. एफआर-एस आणि बीआरझेड दोन्ही सुबारूच्याच कारखान्यात बनलेल्या, इंजिनही सुबारूचंच: एफए२०, आडव्या चार सिलेंडरचं 'बॉक्सर' इंजिन. स्प्रिंगवर येणाऱ्या ताणाचा हिशेब आधीच काठावरचा होता. त्यात पोलादात सूक्ष्म अशुद्ध कण राहिले की तिथून चीर पडायला सुरुवात होते. स्प्रिंग तुटली की खडखडाट, मिसफायर, आणि नशीब वाईट असेल तर चालत्या गाडीत इंजिन बंद. पुन्हा सुरू होईलच असं नाही. म्हणून हा रिकॉल सुरक्षेच्या खात्यात गेला.

एफआर-एसपुरतं बोलायचं तर हा रिकॉल २०१३ च्या मॉडेलचा. २०१४ पासूनच्या गाड्यांना तो नाही, त्यामुळे त्यांचं इंजिन कोणी उघडलेलंच नसण्याची शक्यता जास्त. २०१५-१६ ची मनासारखी का मिळत नाही त्याचं निम्मं उत्तर इथे आहे.

---

तेलकट_हात

रिकॉलनंतर इंजिन का जातं ते सांगतो, म्हणजे काय तपासायचं ते आपोआप कळेल.

साध्या उभ्या इंजिनात व्हॉल्व्ह कव्हर काढलं की स्प्रिंग समोर दिसतात. बॉक्सरमध्ये दोन्ही हेड बाजूंना, चॅसीच्या रेलला खेटून. त्यामुळे इंजिन उतरवावं लागतं. मग पुढचं मोठं टायमिंग कव्हर, चेन, व्हॉल्व्ह उघडणारे कॅमशाफ्ट आणि ते ज्यात बसतात ते कॅरिअर, एवढं सगळं सुटं करून सोळा स्प्रिंग बदलायच्या. दीड-दोन दिवसांचं काम.

गोची परत बसवताना होते. टायमिंग कव्हर आणि कॅम कॅरिअर यांना कागदी किंवा रबरी गॅस्केट नाही, ट्यूबमधलं सीलंट लावून ते बसवतात. सीलंटची वळी जाड झाली की सँडविच दाबल्यावर चटणी निघते तसं ते दोन्हीकडून बाहेर येतं. बाहेरचं दिसतं, पुसता येतं. आतलं तिथेच सुकतं आणि गरम तेलात कधीतरी तुटतं.

आता तुटलेला तुकडा कुठे पडतो यावर सगळं अवलंबून आहे. टायमिंग कव्हरच्या आत पडला तर खाली तेलाच्या चेंबरमध्ये जातो आणि पंपाच्या तोंडाशी असलेल्या जाळीवर अडतो. एखाद-दुसऱ्या तुकड्याने काही होत नाही, बरेच साचले तर पंपाला तेल कमी पडतं. पण कॅम कॅरिअरमधून दाबाखालच्या तेलाच्या वाटाही जातात. त्या वाटा फिल्टरनंतरच्या आहेत. तिथे सुटलेला तुकडा गाळायला मध्ये काहीच नाही, जिथे वाट अरुंद तिथे तो बसणार. बेअरिंगचं तेल तुटलं की काही मिनिटांचा खेळ.

दुसरं कारण लोक विसरतात: जुनं सीलंट खरवडणं. घाईत असलेला मेकॅनिक घासायची चकती ग्राइंडरला लावून पृष्ठभाग चकाचक करतो. त्या चकतीतली ॲल्युमिनियम ऑक्साइडची पूड बेअरिंगला सीलंटपेक्षा वाईट. प्लॅस्टिकची पट्टी, सॉल्व्हंट आणि धीर, एवढ्यावरच ते काम करायचं असतं, आणि तेही तेलाच्या भोकांत बोळे कोंबून. बोळे परत मोजून काढायचे, हे वेगळं सांगायला नको.

तिसरं, सीलंट सुकायला वेळ न देणं. लावल्यावर काही मिनिटांत भाग बसवायचा, आणि तेल भरून इंजिन सुरू करण्याआधी साधारण चोवीस तास थांबायचं. काउंटरवर गाडी लवकर द्यायची घाई असेल तर नेमका हाच वेळ कापला जातो. त्याचा परिणाम बहुधा बाहेर गळतीच्या रूपाने दिसतो.

टोयोटाच्या बऱ्याच डीलरकडे बॉक्सर इंजिन सवयीचं नव्हतं. त्यामुळे एकाच रिकॉलचा दर्जा दुकानागणिक बदलला.

---

झिरो_डब्ल्यू_वीस

मग मी तर म्हणेन, न झालेली घ्या आणि न केलेलीच राहू द्या. ७८,००० मैल टिकलेल्या स्प्रिंग आता कशाला तुटतायत? ज्यांच्यात खोट होती त्या पहिल्या काही हजार मैलांत तुटल्या. कारखान्यात बंद झालेलं इंजिन दीड दिवसात उघडून-मिटवण्यात जास्त धोका आहे.

---

बॉक्सर_बाळू

हा युक्तिवाद ऐकायला बरा आहे, पण हिशेब करून बघा. चार-स्ट्रोक इंजिनात दोन फेऱ्यांत प्रत्येक व्हॉल्व्ह एकदा उघडतो. सरासरी २,५०० आरपीएम धरले तर मिनिटाला १,२५०, तासाला ७५,००० वेळा. सरासरी वेग ३५ मैल धरला तर ७८,००० मैलांना सुमारे २,२०० तास. म्हणजे एकेक स्प्रिंग साडेसोळा कोटी वेळा दबलेली आहे. उच्च ताकदीच्या पोलादाचं दुखणं असं, की आतल्या अशुद्ध कणापासून सुरू होणारी चीर कोट्यवधी आवर्तनांनंतरही पुढे सरकू शकते. 'इतके दिवस टिकली म्हणजे कायमची टिकली' असा नियम या पोलादाला लागू नाही.

हे खरं, की तुटणाऱ्या स्प्रिंगचं प्रमाण एकूण गाड्यांत लहान आहे. पण टर्नपाइकच्या (टोल हायवेच्या) डाव्या लेनमध्ये इंजिन बंद पडणं आणि घराच्या ड्राइव्हवेमध्ये बेअरिंग वाजणं यांत मी दुसरं पत्करेन.

आणि रिकॉल न झालेली गाडी मिळालीच तर 'आता मुदत संपली' असं कोणी सांगितल्यास ऐकू नका. कायद्यातली पंधरा वर्षांची अट गाडीच्या पहिल्या विक्रीपासून रिकॉलची नोटीस निघाली त्या तारखेपर्यंत मोजतात. ही नोटीस २०१८ ची आहे, तेव्हा या गाड्या सहा वर्षांच्या होत्या. काम आजही फुकट करून द्यावं लागतं.

हेही ध्यानात असू द्या: नवी गाडी रिकॉल बाकी असताना विकता येत नाही, जुन्या गाडीच्या डीलरवर मात्र केंद्रीय कायद्याने असं बंधन नाही.

---

झिरो_डब्ल्यू_वीस

आवर्तनांचा मुद्दा मान्य. दुकान निवडण्याचा प्रश्न मात्र उरतोच. ज्या डीलरने हे काम बरंच केलंय तोच शोधायचा, आणि नियम आडवा येत नसेल तर सुबारूचं काम करणाऱ्या स्वतंत्र मेकॅनिकचा सल्ला घ्यायचा. पण रिकॉलचं फुकट काम टोयोटाकडेच होणार, ते सुबारू डीलरकडे ढकलता येत नाही. काम देताना सर्व्हिस सल्लागाराला नेमकं विचारा: हेच इंजिन याआधी उघडलेला मेकॅनिक करणार का, आणि सीलंट सुकायला गाडी रात्रभर ठेवणार का. उत्तर गोलमोल आलं तर दुसरा डीलर.

---

शनिवारचा_ड्रायव्हर

टोयोटाच्या काउंटरवर नोंदी मिळाल्या. रिकॉल मार्च २०१९, मीटर ४६,२००. ऑक्टोबर २०१९ मध्ये त्याच डीलरकडे परत: 'टायमिंग कव्हरमधून तेल गळती, पुन्हा सील केले', मीटर ४८,९००. त्यानंतर फक्त ऑइल बदल. ही दुसरी नोंद बघून पोटात गोळा आला. सोडून देऊ का?

---

तेलकट_हात

उलट, ही नोंद असणं चांगलं. आता मैल ४६,२०० पासून मोजू नका, ४८,९०० पासून मोजा. कव्हर दुसऱ्यांदा काढलं म्हणजे नवं सीलंट लागलं आणि धोक्याचं घड्याळ पुन्हा शून्यावर आलं. तिथून आजवर २९,१०० मैल झालेत. तक्रारींमध्ये रिकॉलनंतरची इंजिनं बहुतेक काही शे ते काही हजार मैलांत गेलेली दिसतात. ज्या गाडीने त्यानंतर एकोणतीस हजार मैल काढले, तिच्या त्या कामाबद्दल कुठल्याही कागदापेक्षा हा आकडा जास्त सांगतो. परवा रिकॉल झालाय आणि लगेच विकायला काढलीय अशी गाडी असती तर मी हात लावू दिला नसता.

तरी तपासणी करायचीच. क्रम असा ठेवा.

आदल्या दिवशी सांगून ठेवा की इंजिन थंडच हवं. पोचल्यावर बॉनेटला हात लावून बघा. आधीच गरम करून ठेवली असेल तर कारण विचारा. सुरू केल्यावर वरून येणारी बारीक, जलद टिकटिक डायरेक्ट इंजेक्शनची आहे, ती या इंजिनात असतेच. आणि फ्युएल पंपाची रातकिड्यासारखी किरकिर ऐकू आली तर दचकू नका. ती त्रासदायक आहे, घातक नाही. खरी काळजी करायची ती खालून येणाऱ्या जड, खोल ठोक्याची. तो आरपीएमबरोबर वाढतो आणि लोड आला की स्पष्ट होतो. इंजिन पूर्ण तापल्यावर तिसऱ्या गिअरमध्ये २,५०० ते ३,००० आरपीएमवर हलका ॲक्सिलरेटर द्या, सोडा, परत द्या, खिडक्या खाली करून भिंतीशेजारून चालवा. देताना-सोडताना ठोका येत-जात असेल तर तिथूनच परत फिरा.

मग गाडी लिफ्टवर. टायमिंग कव्हरची कड, दोन्ही कॅम कॅरिअरच्या कडा, वरच्या-खालच्या चेंबरचा जोड बघा. थोडा ओलसरपणा चालेल, थेंब धरलेला नको. कडेने बाहेर आलेल्या सीलंटची वळी किती जाड आहे तेही बघा. बाहेर जेवढा गचाळपणा, आतही साधारण तेवढाच धरायचा. ड्रेन प्लग काढलाच तर त्या भोकातून बारीक एंडोस्कोप घालून चेंबरच्या तळाशी आणि जाळीपाशी काही लोंबतंय का बघता येतं.

फिल्टर कापून बघणं हा सर्वांत स्वस्त पुरावा. हॅकसॉ वापरू नका, त्याचाच कीस आत पडतो. पाइप-कटरसारखं फिल्टर कापायचं हत्यार मिळतं. आतला कागद सोडवून व्हाइसमध्ये पिळा आणि घड्या उन्हात उघडून बघा. रबरासारखे दोरे म्हणजे सीलंट, चमचमणारी पूड म्हणजे बेअरिंग. चुंबकाला काही चिकटलं नाही म्हणून निर्धास्त होऊ नका, बेअरिंगचा थर चुंबकाला लागत नाही.

तेल प्रयोगशाळेत पाठवलंत तर एक गोष्ट माहीत असू द्या. सिलिकॉनचा आकडा वर दिसला की अहवालात 'एअर फिल्टर तपासा' असं लिहून येतं. पण ताजं सीलंटही तेलात सिलिकॉन सोडतं. २९,००० मैलांनंतर तसा आकडा दिसू नये. दिसला तर इन्टेकची (हवा आत घेणाऱ्या वाटेची) गळती शोधा.

---

मोजूनमापून

डॅशवरच्या तेलाच्या दिव्यावर विसंबू नका. तो स्विच फार कमी दाबाला लागतो, म्हणजे दिवा पेटेपर्यंत बेअरिंग आटोपलेलं असतं. गाडी घेतलीत तर पहिला खर्च प्रेशर गेजचा करा. तपासणीच्या वेळी मेकॅनिकने यांत्रिक गेज लावून बघितलं तर आणखी चांगलं. मूळ स्विच आल्टरनेटरजवळ आहे. त्याचा आटा १/८ बीएसपीटी, इंचाला २८ पेर. अमेरिकेत हाताशी असतो तो १/८ एनपीटी, इंचाला २७. दिसायला सारखाच, दोन फेरे सरळ जातो, मग जोर लावला की ॲल्युमिनियमला तडा. ॲडॉप्टर बघून घ्या, आणि सेन्सर थेट तिथे टांगण्यापेक्षा छोटी लवचिक नळी लावून बाजूला बसवा. कंपनाने आटा मोडत नाही.

वाचन घ्यायचं ते तेल ९० ते १०० अंश सेल्सिअसला आल्यावर. हजार आरपीएमला दहा पीएसआय हा ढोबळ नियम धरा: ३,००० ला तीस, ६,००० ला साठ. थंड इंजिनात आकडे भरपूरच दिसतात, त्यावरून काही ठरवू नका. एकाच आकड्यापेक्षा महिन्यामागून महिना तोच आकडा येतोय का हे महत्त्वाचं.

डीलर गेज लावू देणार नाही अशीच शक्यता आहे. मग निदान स्वतंत्र मेकॅनिककडे तपासणीला नेऊ देतो का बघा. तेही नाही म्हणाला तर ते उत्तर पुरेसं आहे. खिडकीवरचा 'बायर्स गाइड'चा कागदही वाचा. 'ॲज इज' (आहे तशी, वॉरंटी नाही) वर खूण असेल तर गेटबाहेर पडल्यावर इंजिन तुमचं. न्यू जर्सीचा जुन्या गाड्यांचा लेमन लॉ (खराब निघालेल्या गाडीपासून ग्राहकाला संरक्षण देणारा कायदा) सात मॉडेल-वर्षांपर्यंतच्या गाड्यांना आहे, त्यामुळे २०१३ ला त्याचा उपयोग नाही.

---

चिंचवडकर

इथे भारतात ही गाडी टोयोटाने कधी विकलीच नाही, पण धागा कामाचा आहे. आपल्याकडे २०१९ च्या मोटार वाहन दुरुस्तीनंतर सरकार रिकॉल सक्तीचा करू शकतं, नियम १ एप्रिल २०२१ पासून लागू झाले. मालकांनी सरकारी पोर्टलवर तक्रार नोंदवायची, ठरावीक संख्या ओलांडली की चौकशी. सात वर्षांच्या आतल्या गाड्यांनाच हे लागू आहे, कंपनीला दंड एक कोटीपर्यंत. लोक मात्र सर्व्हिस सेंटरशी भांडतात आणि तक्रार नोंदवत नाहीत.

---

बॉक्सर_बाळू

अमेरिकेतही तेच. एनएचटीएसएकडे तक्रार करताना 'इंजिन गेलं' एवढंच लिहून उपयोग नसतो. व्हिन, रिकॉलची तारीख, त्या दिवशीचे मैल, बिघडलं तेव्हाचे मैल, वेग, आणि गाडी रस्त्यात बंद पडली का, हे लिहायचं. बंद पडली असेल तर ते पहिल्याच वाक्यात, कारण तपासणारे सुरक्षेचा मुद्दा शोधत असतात. डीलरशी वाद झाला तर टोयोटाच्या ग्राहक विभागाकडून केस नंबर घ्या, आणि चेंबर उघडण्याआधी फोटो काढायची अट घाला. जाळीवरचं सीलंट एकदा पुसलं गेलं की सिद्ध करायला काही उरत नाही.

जीआर८६ बजेटबाहेर आहे म्हणून फार हळहळू नका. तिच्या २.४ लिटरच्या एफए२४ मध्येही जाळीवर सीलंटचे तुकडे सापडल्याच्या तक्रारी आहेत, तेही कारखान्यातून आलेल्या इंजिनात. ट्रॅकवर लांब उजव्या वळणात तेलाचा दाब पडतो ही त्यात भर.

---

झिरो_डब्ल्यू_वीस

एक राहिलं. २०१३ च्या मॅन्युअलमध्ये क्लचचं रिलीज बेअरिंग हे वेगळं दुखणं आहे. न्यूट्रलमध्ये इंजिन चालू ठेवून क्लचवर पाय ठेवा. हलका पाय ठेवल्यावर चिवचिव बदलली किंवा थांबली तर बेअरिंग संपत आलंय. भाग स्वस्त, पण गिअरबॉक्स उतरवावा लागतो, तेव्हा क्लच प्लेट, प्रेशर प्लेट, पायलट बेअरिंग एकदमच बदलायचं. ७८,००० मैलांवर मूळ क्लच असेल तर या कामाचे पैसे किमतीतून कापून मागा. मागच्या दिव्यांत पाण्याचं बाष्प, ३,५०० ते ४,५०० मध्ये ओढ कमी पडणं, यावर मात्र घासाघीस करू नका. पहिलं किरकोळ आहे आणि दुसरं सगळ्याच गाड्यांत आहे.

---

शनिवारचा_ड्रायव्हर

स्वतंत्र मेकॅनिककडे न्यायला डीलर तयार झालाय. शनिवारी सकाळी थंड इंजिन, लिफ्ट, आणि फिल्टर माझ्या खर्चाने बदलून जुना कापायला मिळणार. गेजला नाही म्हणाला.

---

तेलकट_हात

चालेल. फिल्टर या गाडीत इंजिनच्या वरच्या बाजूला आहे, उलटा बसतो. काढण्याआधी इंजिन बंद करून पंधरा-वीस मिनिटं थांबा म्हणजे तेल खाली उतरतं आणि बेल्टवर सांडत नाही. जुन्या फिल्टरचा रबरी वॉशर त्याच्याबरोबर निघाला का ते बघा, चिकटून राहिला आणि त्यावरच नवा बसला तर पाच मैलांत सगळं तेल बाहेर. आणि तो फिल्टर किती मैल चाललाय ते आधीच्या बिलावरून काढा. पाचशे मैलांपूर्वी बदललेला असेल तर त्यात काही न सापडणं याला फारशी किंमत नाही.